काजळीची वायर

"काळी," उमसुनाय म्हणाली, आणि तुर्दाकुनचा हात वायरींच्या जुडग्यात होता तिथेच थांबला.

म्हणायला काहीच झालं नव्हतं. गॅरेजच्या उघड्या दारातून ऑक्टोबरचं तिरपं ऊन आत आलं होतं. शेजारच्या गॅरेजात गेन्नादी रेडिओ लावून कसलासा पत्रा ठोकत होता, आणि तुर्दाकुन वडलांच्या जुन्या मॉस्क्विच गाडीत स्टिअरिंगखाली डोकं घालून नेहमीसारखा उताणा पडला होता, पाय दाराबाहेर, मान वाकडी. पलीकडच्या दारापाशी, गाडीच्या बाहेर, उपड्या खोक्यावर बसून उमसुनाय टॉर्च धरून होती. दोघांच्या मधे, पुढच्या सीटवर, दुरुस्तीचं जाड पुस्तक उघडं पडलेलं. त्याच्या शेवटच्या पानाला जोडलेला वायरिंगचा नकाशा, घडीघडीला कापडाची पट्टी चिकटवून जगवलेला, सीटभर पसरला होता. तो नकाशा तुर्दाकुनला पाठ होता. कुठल्या टोकापासून निघालेली कुठली वायर कुठल्या फ्यूजला जाते हे त्यानं झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं, कारण नकाशात रंगाचं नाव अक्षरात लिहिलेलं असतं. गाडीतल्या वायरीवर अक्षर नसतं. तिथं नुसता रंग असतो, आणि रंगांच्या बाबतीत तुर्दाकुन जन्माचा कोरडा होता. हिरवा आणि तपकिरी यांच्यात तो अडखळायचा, आणि लाल नि काळा ही तर त्याला एका आईची जुळी पोरं वाटायची. काळी वायर पत्र्याला जाते, लाल बॅटरीकडून येते; अदलाबदल झाली तर फ्यूज उडतो, आणि नशीब फुटकं असेल तर अख्खं जुडगंच जळतं. म्हणून तो वायर चिमटीत धरून विचारायचा, "ही?" आणि बायको सांगायची. लग्न झाल्यापासून ही गाडी अशीच दोघांच्यात मिळून दुरुस्त होत आली होती. नकाशा त्याचा, डोळे तिचे.

फक्त 'काळी' हा शब्द इतक्या वर्षांत तिनं एकदाही उच्चारला नव्हता. तिच्या सासऱ्याचं नाव काराबेक, आणि त्यांच्या भाषेत कारा म्हणजे काळा. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि त्या नावात जो शब्द असेल तोही तोंडातून काढायचा नाही, मग तो मेंढीबद्दल असो, चहाबद्दल असो, की आभाळाबद्दल. सासरच्या गावी, कोचकोरमध्ये, हे कुणी कुणाला शिकवत नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सून ते अंगावर घेऊनच उठते. सासरा मेला तरी ते उतरत नाही. घरातल्या तिघी जावांनी मग आपापले आडरस्ते काढले होते. थोरली बातमा काळ्याला 'अंधारी' म्हणायची, धाकटी जांगिल 'डांबरी' म्हणायची, आणि मधली उमसुनाय म्हणायची 'काजळी'. काजळीचा चहा, काजळीची मेंढी, काजळीचे ढग. कारा-बाल्टा, म्हणजे काळी कुऱ्हाड, या गावाला ती 'ते कुऱ्हाडीचं गाव' म्हणायची. लग्नाआधीपासून ती लोकरी कापडाच्या गिरणीत सुताच्या छटा निवडायला होती. एकाच खेपेतल्या दोन लाल लडींमधला फरक नुसत्या नजरेनं सांगावा तर तिनंच. लग्नानंतर मात्र काळं सूत आलं की तिच्या मैत्रिणी ओरडायच्या, "उमसुन, तुझ्या सासऱ्याच्या रंगाचं आलंय गं, उठून उभी राहा!" आणि ती खरंच हसत हसत उभी राहायची. हे तिनंच त्याला सांगितलं होतं, कणकेचे बोरसोक तळता तळता, किती वर्षं झाली.

"ही?" त्यानं पुन्हा विचारलं. तीच वायर.

"काळी. सांगितलं ना."

आवाजात काहीही नव्हतं. जीभ चावली नाही, रुमाल कपाळावर ओढला नाही, जमिनीवर थुंकून माफी मागितली नाही. दुकानात विचारल्यावर दुकानदार भाव सांगतो तसं सांगितलं. तुर्दाकुननं ती वायर पत्र्याच्या स्क्रूला जोडली. पेचकस दोनदा घसरला. त्याच्या मनात पाल चुकचुकली, आणि मग तिला हाकलता येईना.

गेला वसंत आठवून पाहिला तर खुणा होत्याच. भातात दोनदा मीठ पडलं, तो म्हणाला, घाईघाईत होतं. घराची किल्ली पिठाच्या डब्यात निघाली, तो म्हणाला, माझ्याच हातून पडली असेल. मॉस्कोत असलेल्या मुलीचा, जीदेशचा, फोन आला तेव्हा उमसुनाय तिच्याशी बराच वेळ गोड बोलली आणि फोन ठेवून म्हणाली, "चांगली वाटली बाई. कोण होती?" तेव्हा तो हसला होता. खरंच हसला होता, आणि तीही हसली होती, आणि तो विषय तिथंच संपला होता. म्हातारपणी माणूस विसरतंच. तो स्वतः वर्गातल्या पोरांची नावं विसरायचा, आणि त्यानं गणित शिकवण्यात हयात घातली होती. पण विसरणं म्हणजे असलेला शब्द नाहीसा होणं. हे तसं नव्हतं. इथं शब्द नाहीसा झाला नव्हता, परत आला होता. ज्या शब्दावर तिनं वीस-बावीसच्या वयात झाकण ठेवलं होतं, त्याचं झाकणच कुठंतरी पडलं होतं. मग झाकणाबरोबर आणखी काय काय पडलं असेल, हा हिशेब त्याला करवेना. ती सून असल्याचंच विसरली असेल, तर मग बायको असल्याचं?

त्याला बोओमचा घाट आठवला. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. म्हाताऱ्याला ही गाडी मेंढ्यांच्या कामाबद्दल बक्षीस मिळाली होती, आणि त्याला ती चालवायला येत नव्हती, शिकायचीही नव्हती. घोड्यावर बसणाऱ्यानं चाक फिरवत बसायचं म्हणजे काय. तो पुढच्या सीटवर ताठ बसायचा, त्याची उंच, लोकरी नमद्याची टोपी छताला टेकायची, आणि मुलानं हाकायचं. सून मागं, डोकं खाली. घाटात डॅशबोर्डमधून धूर निघाला. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला कडा, माणूस नाही काणूस नाही. तुर्दाकुननं पुस्तक उघडलं, नकाशा दगड ठेवून रस्त्यावर पसरला, जळकी वायर शोधून काढली, आणि मग दोन वायरी हातात धरून नुसता बसून राहिला. रंग दिसत नाहीत हे त्यानं बायकोला तोवर सांगितलं नव्हतं. सैन्यभरतीच्या डॉक्टरनं ठिपक्यांचं पुस्तक दाखवून पोरांसमोर हसं केलं होतं तेव्हापासून कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हातारा म्हणाला, "काय रे, झोपलास काय?" तेव्हा सून मागून उतरली, खाली वाकून आली, त्याच्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे, आणि तिला कळलं. त्यानं काही न सांगता कळलं. ती वायरीवर बोट ठेवून म्हणाली, "ही लाल." आणि दुसऱ्या वायरीवर बोट ठेवल्यावर अडली. सासरा दोन हातांवर उभा. त्याच्यासमोर त्याचं नाव घ्यायचं कसं? न घ्यावं तर नवरा उलटी वायर जोडून गाडीला काडी लावणार. बोलायला तिला किती वेळ लागला हे तुर्दाकुनला आता सांगता आलं नसतं, पण नदीचा आवाज तेवढ्यात फार मोठा झाल्याचं त्याला आठवत होतं. मग ती म्हणाली, "ही काजळीची." म्हातारा पोट धरून हसला. घरी गेल्यावर त्यानं अख्ख्या गल्लीला सांगितलं की माझी सून शहाणी आहे, तिनं माझा मानही ठेवला आणि माझी गाडीही. तुर्दाकुनचं गुपित मात्र तिनं कुणालाही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ तिनं जन्मभर झाकून ठेवली.

आता तिची मूठ झाकायची पाळी त्याची होती, आणि शुक्रवार तोंडावर आला होता.

शुक्रवारी कोचकोरला म्हाताऱ्याच्या नावानं कुराण वाचायचं होतं. दरवर्षी व्हायचं. सगळं गोत जमायचं, अंगणात कढई चढायची, तेलाचा वास मेलेल्यांपर्यंत पोचावा म्हणून बोरसोक तळायचे. कढईपाशी तिघी जावा आणि त्यांच्या सुना. तिथं म्हाताऱ्याच्या घरात, म्हाताऱ्याच्या दिवशी, उमसुनायच्या तोंडून तो शब्द निघाला तर? आणि निघणारच. कढई काळी, किटली काळी, अर्ध्या कळपाच्या मेंढ्या काळ्या. थोरल्या बातमा वहिनीची जीभ म्हणजे वस्तरा. जांगिल नवी नवरी असताना एकदा पाहुण्यांत बोलण्याच्या ओघात 'कारा-बाल्टा' म्हणून गेली, तर बातमानं तिला त्यानंतर कित्येक वर्षं 'या, आजेसासूबाई' म्हणून हाक मारली. ज्याअर्थी ही सासऱ्याला नावानं बोलावते, त्याअर्थी ही त्याची आईच असणार! जांगिल त्यापायी कितीदा रडली. बातमाच्या कानांतून सुई पडली तरी सुटायची नाही. आधी हसतील. मग हसणं थांबेल आणि बघू लागतील. आणि मग त्या बघण्यातून उमसुनायची सुटका नाही. ती आजारी होईल, ती 'बिचारी' होईल, तिच्यासमोर तिच्याबद्दल बोललं जाईल. तुर्दाकुनला त्या 'बिचारी'ची भीती वाटत होती. मरणापेक्षा जास्त वाटत होती, असंही त्याला त्या क्षणी वाटलं, आणि ते काही फार खोटं नव्हतं.

गेन्नादी हात पुसत दारात आला. त्याची ठरलेली चौकशी झाली, ठरलेली थट्टा झाली. "मास्तर, विका हे धूड आणि गाढव घ्या. गाढवाला वायर नसते."

"गाढवाला शेजारी म्हणून गाढवच लागतं," उमसुनाय खोक्यावरून म्हणाली. गेन्नादी खो खो हसत गेला, आणि तुर्दाकुनला एकदम मोठी आशा वाटली. ही तीच होती. तिची जीभ तीच होती. मग त्यानं एक वाईट गोष्ट केली. वर्गात जे करायचा तेच केलं. जुडग्यातली एक वायर ओढली, जी जोडायची नव्हतीच, आणि विचारलं, ही? ती म्हणाली, हिरवी, पिवळ्या रेघेची. ही? निळी. ही? तपकिरी, पण मळलीय. आणि ही? त्यानं पुन्हा मघाचीच धरली, आणि श्वास रोखून वाट पाहिली, की ती आता अडेल, बोओमच्या घाटात अडली होती तशी अडेल.

"काळी," ती म्हणाली. "अहो, किती वेळा विचारता? तुम्हाला काही दिसत नाही का?"

एकही रंग तिनं चुकवला नव्हता. संध्याकाळ व्हायच्या आत काम झालं. त्यानं बटण दाबलं आणि डॅशबोर्डचे दिवे लागले, पुढचे लागले, मागचे लागले, काच पुसायची काडी सरसरली. नकाशाबरहुकूम सगळं जिथल्या तिथं होतं. इतर कुठल्याही वर्षी त्यानं अशा वेळी हॉर्न वाजवला असता आणि तिनं कानांवर हात ठेवले असते. या वेळी त्यानं दिवे बंद केले, नकाशाची घडी घातली, आणि घालता घालता एक फ्यूज हळूच काढून कोटाच्या खिशात टाकला. फ्यूज नाही म्हणजे गाडी सुरू होत नाही. गाडी सुरू होत नाही म्हणजे शुक्रवारी जाणं नाही. भावाला फोन करायचा, की म्हातारीनं दगा दिला, पुढच्या वर्षी येऊ. म्हातारी म्हणजे गाडी, हेही स्पष्ट सांगायला लागलं नसतं. त्या गाडीची इतक्या वर्षांत एक तार त्यानं मुद्दाम सोडली नव्हती. बापाची वस्तू म्हणून नाही, तर तिच्यात कुठं काय आहे ते त्याला ठाऊक होतं म्हणून. बाहेरच्या जगात त्याला असं थोडंच ठाऊक असायचं. नकाशावर टोक आहे, म्हणजे गाडीत टोक आहेच. आणि इथं त्याच्या बायकोच्या डोक्यात कुठली वायर कुठून सुटली हे दाखवणारं पान कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

घरी ती चहा ओतत होती. दूध आधी, मग कोरा चहा, मग पाणी, क्रम अगदी बरोबर. त्याच्यापुढं वाटी ठेवून ती म्हणाली, "तुर्दाकुन, साखर घेशील?"

लग्नाच्या आधी, ते दोघं बिश्केकच्या बागेत पाटाच्या कडेनं फिरायचे तेव्हा, ती त्याला नावानं हाक मारायची. एकच वर्ष. मग तो 'अहो' झाला, मग 'जीदेशचे बाबा' झाला, आणि ते नाव तिच्या तोंडून पुन्हा म्हणून आलं नाही. तरुणपणी त्याला कधी कधी वाटायचं, कुणी नसताना एकदा तरी घ्यावं हिनं. तो हे बोलला मात्र कधी नाही. आता ते नाव समोर वाफाळत्या चहासारखं आलं होतं, आणि त्याला ते गोड लागलं, हे त्याला लपवता येईना. लाजच वाटली. जे मिळावं म्हणून माणूस जन्मभर मनात झुरतो ते अशा वाटेनं मिळावं? तिचे डोळे चमकत होते. त्या डोळ्यांत तो तरुण होता की म्हातारा होता, कोण जाणे.

"घेईन," तो म्हणाला. "दोन चमचे."

शुक्रवारी सकाळी तो गाडीची सबब मनात घोळवत गॅरेजकडे निघाला. वाटेत पॉपलरची पानं पाटात पडून वाहत होती. पोचून पाहतो तो उमसुनाय आधीच आली होती. कधी घराबाहेर पडली ते त्याला कळलंच नव्हतं. डोक्याला पांढरा स्वच्छ रुमाल, अंगावर निळं जॅकेट, मांडीवर लोणी आणि मिठाईचं गाठोडं. गाडीच्या मागच्या सीटवर, नेहमीच्या जागी, गुडघे जुळवून बसलेली. पुढच्या सीटवर नुसतं दुरुस्तीचं पुस्तक. तिकडं ती म्हातारा गेल्यावरही कधी बसली नव्हती. ती जागा त्याचीच होती.

"उशीर झाला की बातमा मला सोडायची नाही," ती म्हणाली.

म्हणजे बातमा आठवत होती. जायचं आठवत होतं, कुठं बसायचं तेही आठवत होतं. तुर्दाकुन उघड्या दारापाशी उभा राहिला. खिशातला फ्यूज बोटांना लागत होता. ही बाई नटून बसली आहे आणि आपण तिला गॅरेजात कोंडून घालणार आहोत, कशासाठी, तर लोकांनी तिला हसू नये म्हणून. की लोकांनी आपल्याकडे बघू नये म्हणून? त्यानं फ्यूज काढला, कोटाच्या बाहीला पुसला आणि त्याच्या जागी बसवला.

कोचकोरला सगळं नेहमीसारखंच होतं, आणि नेहमीसारखं असणंच त्याला भिववत होतं. पुरुष आत कुराण वाचणाऱ्या मोल्दोपुढं ओळीनं बसले, बायका अंगणात. खिडकी उघडी होती. तुर्दाकुन मुद्दाम तिच्याखाली बसला, पाठ भिंतीला आणि कान बाहेर. मोल्दोचा आवाज लांब, एका लयीत चालला होता. बाहेर तेलाचा चरचराट, सुनांची कुजबुज, मधूनच बातमाचा चढा सूर की कणीक पातळ झाली, तुमच्या आयांनी तुम्हाला काय शिकवलं. उमसुनायचा आवाज नव्हता. आवाज नाही तोवर बरं. बापाच्या आत्म्यासाठी चाललेल्या वाचनात आपण जीव मुठीत धरून बायकांच्या गप्पा ऐकतोय, याचं त्याला वाईट वाटलं. मग त्याच्या मनात आलं, म्हाताऱ्याला हे चाललं असतं. त्याला ती सून आवडायची.

वाचन संपलं. सगळ्यांनी तळहात पुढं धरले. घरात आणि अंगणात एकदम शांत झालं, बायकांनीही हात पुढं धरले असणार. आणि त्या शांततेत उमसुनाय म्हणाली, स्वच्छ आवाजात, "जांगिल, ती काळी किटली दे गं. पाहुण्यांचे हात धुवायचेत."

तुर्दाकुनचे तळहात तोंडासमोर तसेच राहिले. बाहेर झारा कढईवर टेकल्याचा एक आवाज झाला. मग काहीच नाही. शेजारी बसलेल्या भावानं मान वळवून खिडकीकडं पाहिलं. एक तरुण सून फिसकन हसायला गेली आणि कुणीतरी तिला चिमटा काढला असावा. ती शांतता कशी वाढत जाते ते तुर्दाकुनला ठाऊक होतं. आत्ता हसतील, मग बघतील. उठून बाहेर जावं आणि हाताला धरून तिला गाडीत बसवावं, असं वाटून त्यानं पाय गोळा केला. पण उठवेना.

"कुठली?" बातमाचा आवाज आला.

"काळी, काळी," उमसुनाय म्हणाली.

बातमाला या घरात येऊन पन्नास वर्षं उलटली होती. तिनं सासऱ्याच्या प्रेतावर रडतानासुद्धा काळ्या घोड्याला 'अंधारी घोडा' म्हटलं होतं, हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

"काळी ना?" बातमा म्हणाली. जरा मोठ्यानं, आतल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "मग काळी म्हण की सरळ. जांगिल, ऐकू येत नाही का तुला? काळी किटली मागतेय ती. त्या पांढरीचा कान तुटलाय, पाहुण्यांचे हात भाजतील."

"काळीतच तापवलंय पाणी," जांगिल म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "ही घ्या, उमसुन ताई. काळी."

आणि मग हे काम रोजचंच असल्यासारखं दुसरी कुणी म्हणाली, कढईसुद्धा किती काळी झालीय, वाळूनं घासायला हवी. तिसरी काही म्हणाली. चरचराट पुन्हा सुरू झाला. आत मोल्दोनं तोंडावरून हात फिरवले, सगळ्यांनी फिरवले, तुर्दाकुननंही फिरवले, आणि त्याचे हात ओले झाले. भावानं ते पाहिलं. बापाची आठवण आली असेल असं समजून त्यानं तुर्दाकुनच्या पाठीवर थोपटलं.

निघताना बातमा वहिनी गाडीपर्यंत आली. बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली, घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा. उमसुनाय अंगणात सुनांच्या गळ्यात पडून निरोप घेत होती.

"कधीपासून?" बातमानं विचारलं.

वसंतापासून असेल, तो म्हणाला, पण मला कळलं या आठवड्यात. बातमा म्हणाली, तुला कधी काय वेळेवर दिसलंय. म्हणजे तिलाही त्याच्या डोळ्यांचं माहीत होतं. कदाचित सगळ्यांनाच माहीत होतं, आणि त्याची मूठ आजवर सगळ्यांनीच झाकून ठेवली होती. त्याला वहिनीचे आभार मानायचे होते. तो नुसता म्हणाला, "वहिनी, तुम्ही आज ते..."

"म्हाताऱ्याला मी सांगेन," ती म्हणाली. "माझा नंबर तुझ्या आधी आहे. वर गेले की पहिलं तेच सांगेन." तिनं रुमालाच्या टोकानं नाक पुसलं आणि लगेच आवाज वस्तऱ्यावर आणला. "आणि हिला पुढं बसव. मागं बसवून नेशील आणि वाटेत दार उघडून उतरली तर तुला पत्ता लागायचा नाही."

"ती बसायची नाही पुढं."

"बसेल. मी बसवते."

बातमानं पुढचं दार उघडलं, सीटवरचं दुरुस्तीचं पुस्तक उचलून मागच्या सीटवर टाकलं, आणि उमसुनायला दंडाला धरून आत बसवलं. उमसुनाय पाय आत घेऊन बसली. थोरल्या जावेचं ऐकायचं असतं एवढं तिला पक्कं होतं. बातमानं तिच्या मांडीवर बोरसोकचं गाठोडं ठेवलं, तिचा रुमाल नीट केला, आणि दार दोनदा आपटून लागल्याची खात्री केली.

घाट लागला. उन्हं उतरायला लागली होती. तुर्दाकुननं दिवे लावले आणि डॅशबोर्डवर एक लहान दिवा पेटला. उमसुनाय त्याच्याकडं पाहत राहिली, मग तिनं डॅशबोर्डवरून हात फिरवला, काचेवरून फिरवला, सीटच्या कडेवरून फिरवला.

"छान गाडी आहे," ती म्हणाली. "कुणाची?"

त्याला वाटलं होतं, असं कधी विचारलं तर आपण कोसळू. तो कोसळला नाही. हात स्टिअरिंगवर होते, समोर वळण होतं. "माझ्या वडलांची," तो म्हणाला. "काराबेकची."

उमसुनाय दचकली. तिचा हात आपसूक वर गेला आणि तिनं रुमाल कपाळावर ओढला. मान खाली घातली. मग हळूच, अगदी हळूच वळून तिनं मागच्या सीटवर पाहिलं. तिथं पुस्तक होतं, नकाशा होता. तिनं तुर्दाकुनच्या बाजूला झुकून, मागच्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, "मग मी पुढं कशी बसले?"

शब्दावरचं झाकण गेलं होतं, मान राहिला होता. किती दिवस राहील ते त्याला ठाऊक नव्हतं. पण आज होता, आणि तुर्दाकुन तिच्याबरोबर त्याच गाडीत बसून त्याच घाटातून चालला होता.

"त्यांनीच बसवलंय तुला," तो म्हणाला. "म्हणाले, शहाणी आहे माझी सून, तिला पुढं बसू दे."

"खरंच म्हणाले?"

"सगळ्या गल्लीला सांगितलंय."

ती हसली, आणि पाठ टेकून नीट बसली. खाली नदी वाहत होती. नदीकाठच्या कुरणात घोडे चरत होते, आणि ती काचेला बोट लावून, तो विचारत नसतानाही, एकेक सांगू लागली. तो पिवळा. तो करडा. ते शिंगरू पांढरं, पण पाय तपकिरी.

"आणि तो कड्याखाली उभा आहे ना, तो काळा," ती म्हणाली. "त्याच्या शेजारचा लाल."

तुर्दाकुनला दोन्ही घोडे सारखेच दिसत होते.